झाडीपट्टींतला धीवर

खंड्या हें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. पण तें बहुधा अंगणांतल्या कुत्र्याचें म्हणून. त्याच नांवाचा एक पक्षी आपल्या विहिरीच्या कांठावर, ओढ्यावर लवलेल्या फांदीवर किंवा शेतांतल्या तारेवर तासच्या तास बसलेला असतो, याकडे फार थोड्या मंडळींचें लक्ष जातें. ज्यांचें जातें त्यांचाही समज बहुधा असा असतो कीं, खंड्या म्हणून एकच पक्षी आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. खंड्या हें एका मोठ्या कुळाचें नांव आहे. या कुळाच्या जगांत सुमारें ११५ ते १२० जाती असून त्यांतील १२ भारतांत आढळतात. हिमालयांतील नद्यांवरचा तुरेवाला खंड्या सोडला, तर भारतांत आकारानें सर्वांत थोर असा जो खंड्या, त्याचा संसार आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत आहे. पक्ष्यांविषयींच्या मराठी ग्रंथांत त्याला 'घोंगी खंड्या' म्हणतात. वाघ पाहण्यासाठीं ताडोबास जाणाऱ्या प्रवाशांपैकीं त्याची विचारपूस करणारा एखादाच. परंतु अरण्यांतील पाणी जिवंत आहे कीं नाहीं, याची साक्ष हा पक्षी वाघाहूनही चोख देतो. ती कशी, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे.

आधीं नांवांचा थोडा विचार करूं. संस्कृत कोशांत या पक्ष्याला मत्स्यरंक व मीनरंक अशीं नांवें आहेत. रंक म्हणजे दरिद्री, भुकेला. तेव्हां माशासाठीं सदैव भुकेलेला तो मत्स्यरंक. निळ्या रंगाच्या साम्यामुळें पुष्कळ लोक याची आणि चाषाची, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास दर्शन शुभ मानल्या जाणाऱ्या नीलकंठाची, गल्लत करितात. पण नीलकंठ हा माळावरचा व शेतांतला पक्षी, पाण्याशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. हिंदी भाषेंत खंड्याच्या निरनिराळ्या जातींना किलकिला, कौडिल्ला, रामचिरैया अशीं गोड नांवें आहेत. मराठींत खंड्याप्रमाणेंच 'धीवर' हेंही नांव चालतें, आणि तें मोठें अर्थपूर्ण आहे. धी म्हणजे बुद्धि, वर म्हणजे श्रेष्ठ. संस्कृतांत या एकाच शब्दाचे चतुर मनुष्य आणि मासे धरणारा कोळी असे दोन्ही अर्थ होतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त सहाव्या अंकाच्या आरंभीं दुष्यंताची हरवलेली मुद्रिका ज्याला रोहू माशाच्या पोटांत सांपडते, तो धीवरच होय. आणि योगायोग असा कीं, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या झाडीपट्टीच्या मुलुखांत तळ्यांवर व नद्यांवर मासेमारी करून राहणारा जो समाज, त्याचें नांवही ढीवर. माणसांतला धीवर आणि पक्ष्यांतला धीवर एकाच पाण्यावर शेजारी म्हणून राहत आले आहेत. हें शेजार लक्षांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडणार आहे.

या दोन जिल्ह्यांत खंड्याच्या चार जाती नित्य दिसण्यासारख्या आहेत. पहिली छोट्या खंड्याची. हा चिमणीहून किंचित् मोठा, १६-१७ सेंटिमीटर लांबीचा, पाठीनें झळझळीत निळा आणि पोटानें नारिंगी. पाण्याला लगटून तीरासारखा निघून जातो. दुसरी पांढऱ्या गळ्याच्या खंड्याची. याची लांबी सुमारें २८ सेंटिमीटर, डोकें तपकिरी, पाठ निळी, गळा व छाती शुभ्र आणि चोंच तांबडी. याला पाण्याची मुळींच अट नाहीं. नाकतोडे, सरडे, खेकडे यांवर तो बांधाबांधावर सुखानें राहतो. शहरांतील बागेंत दिसतो तो बहुधा हाच, आणि पश्चिम बंगालनें आपला राज्यपक्षी म्हणून निवडला आहे तोही हाच. तिसरी जाति कवड्याची. याचे पंख कवडीसारखे काळेपांढरे ठिपकेदार. उघड्या विस्तीर्ण पाण्यावर हा हवेंत एकाच जागीं पंख फडफडवीत लोंबकळतो आणि मासा दिसतांच सरळ खालीं सूर मारतो. चौथी जाति ती आपल्या घोंगी खंड्याची.

घोंगी खंड्या ३५ ते ३८ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे कावळ्याहून थोडाच लहान. डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी दिसते. मान, छाती व पोट पिंवळसर बदामी. पाठ व पंख निळसर हिरवे. आणि उडतांना कमरेजवळ एकदम उजळ निळा पट्टा चमकून जातो. परंतु पाहणाऱ्याच्या मनांत ठसते ती त्याची चोंच. ती लांब, जाड आणि लालभडक असते; देहाच्या मानानें इतकी थोर कीं, चित्रकारानें चुकून मोठी काढली असावी असें वाटावें. पायही लालच. नर व मादी यांचा वेष एकसारखा.

एवढा रंगीत व थोर असूनही हा पक्षी सहजासहजीं दिसत नाहीं. पांढऱ्या गळ्याचा खंड्या तारेवर उघडा बसतो. हा मात्र पाण्यावर झुकलेल्या दाट पानांच्या सावलींत, खोडाच्या बाजूला, अंग चोरून बसतो. तो आधीं ऐकूं येतो आणि मग दिसतो. त्याची एक हांक खालच्या पट्टींतली व दूरवर जाणारी असून तींत दोनतीन सूर पुन्हां पुन्हां येतात. आणि दचकला म्हणजे तो 'के के के के' असा खिदळल्यासारखा ओरडतो. उडण्यांत त्याच्या धाकट्या भावाची चपलता नाहीं; जड पंख मारीत पण सरळ रेषेंत तो जातो. स्वभावानें मात्र मोठा तिखट. पाण्याचा जो तुकडा त्यानें आपला म्हणून ठरविला, त्यांत दुसऱ्या पक्ष्याची सत्ता तो चालूं देत नाहीं. गरुडासारख्या बलाढ्य पक्ष्यावरही धांवून जातो.

त्याच्या शास्त्रीय नांवाची कथा मनोरंजक आहे. स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानें १७६६ सालीं या पक्ष्याची नोंद केली, तेव्हां त्याला 'कापेन्सिस' असें विशेषण दिलें. त्याचा अर्थ केप ऑफ गुड होपचा, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाचा. परंतु हा पक्षी आफ्रिकेंत मुळींच नाहीं! भारत, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, सयाम, मलाया व इंडोनेशियाचीं बेटें, फिलिपाइन्स हा त्याचा खरा मुलूख. नमुन्याच्या ठिकाणाविषयीं झालेली गैरसमजूत अडीचशें वर्षें नांवांत कायम राहिली आहे. कारण शास्त्राचा दंडक असा कीं, एकदां दिलेलें नांव तें चुकीचें भौगोलिक ज्ञान देतें एवढ्या कारणानें बदलावयाचें नाहीं. त्याच्या गणाचें नांव 'पेलार्गोप्सिस', म्हणजे करकोच्यासारखा दिसणारा. हें मात्र चोंचीकडे पाहून ठेविलें असल्यानें यथार्थ आहे.

आतां त्याच्या मासेमारीकडे वळूं. पाण्यांत अर्धी बुडविलेली काठी वाकडी दिसते, हा प्रयोग शाळेंत प्रत्येकानें पाहिलेला असतो. प्रकाशकिरण पाण्यांतून हवेंत येतांना वळतो. म्हणून मासा जेथें दिसतो तेथें तो नसतो, किंचित् खालीं असतो. फांदीवर बसलेल्या खंड्याला हा हिशोब प्रत्येक झडपेच्या वेळीं करावा लागतो, आणि तो करितोही. त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर तीक्ष्ण दृष्टीचीं केंद्रें एकाऐवजीं दोन असतात. पाण्यांत शिरतांना डोळ्यावर एक पारदर्शक पापणी ओढली जाते. मासा चोंचींत आला म्हणजे तो फांदीवर परत येतो, माशाला फांदीवर दोनचार वेळां आपटतो आणि मग डोक्याकडून गिळतो. शेपटीकडून गिळला तर पर व कांटे घशांत अडकावयाचे. कांट्यांचा व हाडांचा उरलेला भाग पुढें लहानशा गोळीच्या रूपानें तो तोंडावाटे टाकून देतो. घोंगी खंड्याची पंगत केवळ माशांची नसते. खेकडे, बेडूक, सरडे, उंदीर, प्रसंगीं दुसऱ्या पक्ष्यांचीं पिलेंही त्याला चालतात.

खंड्याच्या चोंचीनें आधुनिक यंत्रविद्येलाही एक धडा दिला आहे. जपानमध्यें अतिवेगाची आगगाडी बोगद्यांतून बाहेर पडतांना पुढें दाबलेल्या हवेमुळें तोफेसारखा आवाज होत असे व आसपासच्या वस्तीला त्याचा उपद्रव होई. एइजी नाकात्सु नांवाचा अभियंता पक्षिनिरीक्षणाचा षोकी होता. खंड्या विरळ हवेंतून घट्ट पाण्यांत शिरतो, तरी पाणी फारसें उसळत नाहीं, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. त्या चोंचीच्या धर्तीवर गाडीचें नाक लांब व निमुळतें केलें गेलें, आणि १९९७ सालीं ती गाडी ताशीं ३०० किलोमीटर वेगानें धांवूं लागली. पक्षिनिरीक्षण म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद, असें म्हणणाऱ्या वडील मंडळींस हें उदाहरण अवश्य सांगावें.

आणि तो निळा रंग? कोणालाही आश्चर्य वाटेल, पण खंड्याच्या पिसांत निळा असा रंगच नसतो. निळें पीस कुटून त्याची पूड केली तर निळेपणा नाहींसा होतो. पिसाच्या आंतील भाग स्पंजासारखा सूक्ष्म पोकळ्यांनीं भरलेला असतो; त्यांवरून निळा प्रकाश तेवढा परावृत्त होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९३४ सालीं नीलकंठाच्या पिसांच्या रंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, तोही याच विषयावर. या मोहक रंगापायीं खंड्याच्या कुळावर मोठें संकट येऊन गेलें आहे. चीनमध्यें या पिसांचे तुकडे चिकटवून शिरोभूषणें करीत. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें लावण्याची टूम निघाली होती. भारतांतून रानपक्ष्यांचीं कातडीं व पिसें परदेशीं पाठविण्यास १९०२ सालीं सरकारनें बंदी केली, आणि स्वतंत्र भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यांना आश्रय दिला.

प्राचीन ग्रीक लोकांची अशी समजूत होती कीं, खंड्या समुद्राच्या लाटांवर तरंगतें घरटें बांधतो, आणि हिवाळ्यांत तो अंडीं उबवीत असतांना देव चौदा दिवस समुद्र शांत ठेवतात. कल्पना काव्यमय खरी. पण खंड्याचें घर समुद्रावर नसून मातींत असतें. नदीचा किंवा नाल्याचा उभा तुटलेला कांठ पाहून नर व मादी दोघें मिळून त्यांत आडवें बीळ कोरतात आणि त्याच्या शेवटीं लहानशी खोली करितात. घोंगी खंड्या कुजक्या झाडाच्या खोडांत किंवा झाडावर वाळवीनें केलेल्या वारुळांतही घर करितो. अंडीं दोन ते पांच, गोल, तुळतुळीत व पांढरीं शुभ्र असतात. अंधाऱ्या घरांत ती शुभ्रता शत्रूला दिसत नाहीं, म्हणून त्यांवर रंगाची गरजही नाहीं. आंत गवताचें किंवा पिसांचें अंथरूण कसलें तें नाहीं. जेवणांतून उरलेले कांटे तेवढे खालीं सांचतात. पिलांचीं पिसें बराच काळ नळ्यांत बंद असतात, त्यामुळें तीं साळिंदराच्या पोरांसारखीं दिसतात. पिलाला भरवितांना मासा चोंचींत कसा धरावा याचेंही या कुळांत शास्त्र आहे: माशाचें डोकें पुढच्या बाजूस, म्हणजे पिलाला तें थेट गिळतां यावें! स्वतः खाण्यासाठीं धरला तर डोकें आपल्याकडे. वाढण्याची पद्धत ज्या घरांतून कटाक्षानें पाळतात, त्या घरांतील वाचकांना हा शिष्टाचार खचित आवडेल.

आतांपर्यंतच्या वर्णनांत एक कोडें दडलेलें आहे. खंड्याच्या कुळाचें खरें माहेर उष्ण कटिबंधांतील सदाहरित पर्जन्यवनें होत. न्यू गिनीच्या दाट रानांत लांब शेपटीचे स्वर्गीय खंड्या पक्षी वारुळांत घर करितात. आपल्या कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडीं येणारा चिमुकला तिबोटी खंड्या, जो रायगड जिल्ह्याचा मानचिन्ह पक्षी मानला जातो, तोही दमट व सावलीच्या ओढ्यांचाच रहिवासी. घोंगी खंड्याही मलाया व बोर्निओच्या जंगलांतील नद्यांवर नांदतो, आणि भारताच्या वायव्येकडील कोरड्या मुलुखांत तो नाहीं. मग चंद्रपूरसारख्या ठिकाणीं, जेथें उन्हाळ्यांत पारा कधींकधीं ४७-४८ अंशांपर्यंत चढतो, जेथील साग, बांबू व ऐन यांचीं रानें फाल्गुन-चैत्रांत पानें गाळून उघडीं पडतात, तेथें हा सावलीचा पक्षी जगतो कसा?

उत्तर असें कीं, तो अरण्यांत राहत नाहीं आणि पाण्यांतही राहत नाहीं; तो राहतो या दोहोंच्या शिवेवर. सागाचें रान वाळलें तरी नाल्याच्या कांठचीं जांभूळ, करंज, उंबर व अर्जुन हीं झाडें उन्हाळ्यांतही बरीच सावली राखतात. नदीची धार आटली तरी मागें डोह उरतात. त्या डोहावर लवलेली एक जाड फांदी, खालीं बोटभर माशांनीं भरलेलें बऱ्यापैकीं स्वच्छ पाणी, आणि हांकेच्या अंतरावर बीळ कोरण्याजोगा मातीचा उभा कांठ किंवा जुनाट पोकळ वृक्ष, एवढी त्याची मिळकत. या तिहींपैकीं एक जरी गेलें तरी त्याचा संसार मोडतो. झाडें आहेत पण पाणी गढूळ आहे, तर तो उपाशी राहतो. पाणी आहे पण कांठ बोडका आहे, तर तो बसणार कोठें? वाघाला मोठें रान हवें. याला लहानशी पण संपूर्ण अशी शीव हवी. याच कारणानें मी त्याला पाण्याचा साक्षीदार म्हटलें.

अशा शिवा या मुलुखांत पुष्कळ आहेत. वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन पुढें प्राणहिता होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. भामरागडास इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचें जीवन या नद्यांवरच आहे. चंद्रपुरांत ताडोबाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं तारू या देवाचें ठाणें असून पाण्यांत मगरी आहेत. ताडोबा हें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं शेजारचें अंधारी अभयारण्य झालें आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु घोंगी खंड्याच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचीं अशीं जीं ठिकाणें, तीं सगळीं कांहीं निसर्गानें केलेलीं नाहींत. तीं माणसांनीं बांधलीं आहेत.

चांद्याच्या गोंड राजांच्या अमदानींत, जो कोणी तळें बांधील त्याला तळ्याखालीं भिजणारी जमीन देण्याची चाल होती. तिला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरांत तुकूम नांवाची वस्ती आजही आहे. भाताच्या शेतीसाठीं उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवावयाचें, या विद्येंत कोहळी समाज निष्णात होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधलेला नवेगांवचा बांध आज गोंदिया जिल्ह्यांत आहे आणि पक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पुढें मालगुजारांनीं अशीं तळीं वाढविलीं व राखलीं. इंग्रजी अमदानींत घोडाझरी व आसोलामेंढा यांसारखे मोठे जलाशय झाले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नाहींशी होऊन तळीं सरकारकडे आलीं. 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणूं लागले. पूर्व विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत अशीं तळीं सहा हजारांहून अधिक आहेत. जंगलाच्या कुशींत तळें, तळ्याच्या पाळीवर जुनीं झाडें, आणि तळ्याखालीं भात: माणसानें आपल्या अन्नासाठीं केलेल्या या मांडणींत घोंगी खंड्याला हवी असलेली शीव आपोआप तयार झाली. उन्हाळ्यांत नाले कोरडे पडले म्हणजे अशा तळ्यांचा त्याला केवढा आधार होत असेल, हें सांगणें नको.

मालगुजारी गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. ती पद्धत जाण्यास योग्यच होती. परंतु तिच्याबरोबर तळें राखणारा हातही गेला, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. गाळ उपसण्याची, पाळ दुरुस्त करण्याची गांवकीची रीत ढिली पडली. पुष्कळ तळ्यांत दक्षिण अमेरिकेंतून आलेलें बेशरम नांवाचें झुडूप माजलें. त्यांत भर म्हणून रोहू, कटला अशा मोठ्या माशांचें बीज सोडण्याकडे सगळा भर गेला. शाकुंतलांतला रोहू कितीही थोर असला, तरी किलो-दोन किलोंचा मासा खंड्याच्या चोंचींत मावत नाहीं! त्याला हवेत ते तळ्यांतले लहानसे देशी मासे, झिंगे व खेकडे. आणि ते वाढतात पाणवनस्पतींच्या आश्रयानें. ढीवर समाजालाही हेच लहान मासे रोजच्या कालवणाला हवेत. म्हणजे दोन्ही धीवरांची गरज एकच, आणि दोघांचीही अडचण एकच.

या बाबतींत शेजारच्या भंडारा-गोंदियांत झालेलें काम लक्षांत घेण्यासारखें आहे. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेनें ढीवर स्त्रीपुरुषांच्या सहकार्यानें कित्येक तळ्यांतील बेशरम उपटून काढलें, तळ नांगरून देशी पाणवनस्पति लावल्या आणि देशी मासे पुन्हां वाढविण्याचा उद्योग चालविला. कोणत्या वनस्पतीखालीं कोणता मासा अंडीं घालतो, हें ज्ञान पुस्तकांतलें नव्हे. तें ढीवरांच्या पिढ्यांनीं सांभाळलेलें आहे. या मुलुखांतील वनाधिकारी व थोर निसर्गलेखक मारुति चितमपल्ली, ज्यांचें २०२५ सालीं निधन झालें, त्यांनीं आपल्या 'पक्षीकोशा'सारख्या ग्रंथांतून मराठीस पक्ष्यांचीं नांवें दिलीं. त्यांचीही शिकवण अशी होती कीं, जंगलाची भाषा जंगलाजवळ राहणाऱ्यांकडून शिकावी.

नद्यांची कथा याहून बिकट आहे. बीळ कोरण्यास लागणारा उभा कांठ नदी स्वतः घडविते. पुरांत ती एका बाजूनें माती कापते आणि दुसऱ्या बाजूला वाळू टाकते. वाळूचा बेसुमार उपसा होऊं लागला म्हणजे हें काम बिघडतें व कांठ ढासळतात. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. सिरोंच्यापाशीं गोदावरीवर तेलंगणानें बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ सालीं सुरू झाला. त्याच्या फुगवट्यानें आपल्या कांठची शेतें बुडालीं, आणि २०२३ सालीं त्याचे कांहीं खांबच खचले. शेतीला पाणी हवें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु पाण्याची पातळी ऋतूप्रमाणें न चढतां-उतरतां दरवाजांच्या हुकमानें चढूं-उतरूं लागली, तर कांठांतील बिळांचें काय होईल, हा प्रश्न आराखड्यांत कोठेंही नसतो. डोहांत विषारी औषध टाकून मासे मारण्याची दुष्ट रीत तर एका दिवसांत सगळ्या डोहाचा संसार संपविते.

येथें अतिशयोक्ति करण्याचें कारण नाहीं. घोंगी खंड्या हा नष्टप्राय पक्षी नव्हे. जगाच्या हिशोबांत त्याला तूर्त धोका नाहीं, असेंच शास्त्रज्ञ मानतात. परंतु जगांत पक्षी शिल्लक आहे आणि आपल्या गांवच्या तळ्यावर तो नाहीं, या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. बोर्निओच्या नदीवर तो सुखरूप आहे, यानें नागभीड किंवा अहेरीच्या मुलांचें काय समाधान होणार? पक्षी असा गाजावाजा करून जात नाहीं. एका उन्हाळ्यांत पाळीवरचें जुनें झाड पडतें, दुसऱ्या वर्षीं सुशोभीकरण म्हणून कांठाला दगडसिमेंट लागतें, तिसऱ्या वर्षीं पाणी हिरवें होतें. आणि मग कोणाच्या तरी ध्यानांत येतें कीं, ती हांक बरेच दिवसांत ऐकूं आली नाहीं.

गृहस्थाश्रमी माणसानें यांत काय करावें, असा प्रश्न साहजिक आहे. कांहीं गोष्टी अगदीं सोप्या आहेत. सुटींत मुलांना घेऊन गांवच्या तळ्यावर सकाळीं तासभर स्वस्थ बसावें, आणि चारही खंड्यांपैकीं कोण कोण दिसलें याची तारीखवार नोंद एका वहींत ठेवावी. अशी दहा वर्षांची वही तळ्याच्या प्रकृतीचा दाखलाच होय. विणीच्या काळांत कांठावरील बिळापाशीं छायाचित्रासाठीं गर्दी करूं नये. गणेशविसर्जनाच्या व निर्माल्याच्या निमित्तानें तळ्यांत काय काय टाकलें जातें, याचा घरांतील वडीलधाऱ्यांनींच विचार करावा. कारण त्यांचा शब्द घरांत चालतो. आणि ग्रामसभेंत किंवा नगरपालिकेंत तळ्याच्या सुशोभीकरणाचा विषय निघेल, तेव्हां उठून एवढेंच विचारावें कीं, पाळीवरचीं जुनीं झाडें राहणार ना, आणि एखादा तरी कांठ मातीचा ठेवणार ना?

तुकूम घेऊन ज्यांनीं तळीं बांधलीं त्यांनीं पक्ष्यांचा विचार केला नव्हता. त्यांनीं भाताचा विचार केला. पण त्यांचें काम इतकें नीट होतें कीं, भाताबरोबर मासा जगला, माशाबरोबर ढीवर जगला आणि ढीवराच्या शेजारीं त्याच्याच नांवाचा पक्षी जगला. आपल्याला नवें कांहीं निर्माण करावयाचें नाहीं. बांधलेलें मोडूं द्यावयाचें नाहीं, इतकेंच. पाळीवरच्या जांभळाच्या सावलींतून ती लाल चोंच पाण्याकडे रोखलेली दिसते तोंवर समजावें कीं, तळें अजून तळें आहे.